चिनी ड्रामा बघायला सुरुवात करताय? मग आधी हे वाचा

कोरियन ड्रामे बघून झाले की बरेच जण चिनीकडे वळतात, यूट्यूबवर जे समोर येईल ते सुरू करतात, चौथ्या भागापर्यंत नावांचा पार गोंधळ उडतो, कोण कुणाचा कोण ते कळत नाही, आणि मग "चिनी सिरीयल फार लांबट असतात" म्हणून सोडून देतात. मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं, कारण टीव्हीवर माणसांच्या गोष्टी किती चांगल्या सांगता येतात हे मला चिनी ड्राम्यांनी दाखवलंय. सगळे चांगले नसतात, ढिगाने बनतात आणि त्यातले बरेच टाकाऊच असतात. म्हणून कुठून सुरू करायचं हे इथे जास्त महत्त्वाचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकते: उडणारे देव आणि राजवाड्यातली कारस्थानं यांनी सुरुवात करू नका, साध्या माणसांच्या छोट्या सिरीयल आधी बघा.

१. आधी जवळ काय काय लागेल

- यूट्यूब. बऱ्याच लोकांचं काम एवढ्यावर भागतं.
- इंग्रजी सबटायटल वाचायची तयारी. मराठीत अधिकृत सबटायटल मिळतील अशी आशा धरू नका.
- इअरफोन, आणि शक्य असेल तर मोबाईलपेक्षा मोठा स्क्रीन, कारण ओळी भराभर जातात.
- एक वही किंवा फोनमधली नोट, पात्रांच्या नावांसाठी. ही खरंच लागते, कशी वापरायची ते पुढे चौथ्या पायरीत.
- मायड्रामालिस्ट नावाची साईट. भाग किती, प्रकार कुठला, इंग्रजीत दुसरं नाव काय, सगळं तिथे मिळतं. चिनी प्रेक्षकांचं स्वतःचं मत बघायचं असेल तर दोउबान ही त्यांची साईट, तिथे १० पैकी गुण असतात. तिथले लोक हात आखडून गुण देतात त्यामुळे ९ च्या वर काही दिसलं की डोळे झाकून यादीत टाका.

२. कुठे बघायचं

चीनमधले मोठे प्लॅटफॉर्म चार: आयचीयी, टेन्सेंट व्हिडिओ, योकू आणि मँगो टीव्ही. टेन्सेंटच्या परदेशी ॲपचं नाव वीटीव्ही. २०२० मध्ये आपल्या सरकारने बऱ्याच चिनी ॲप्सवर बंदी घातली त्यात वीटीव्ही पण गेलं, त्यामुळे भारतात बसून ते ॲप शोधत बसू नका आणि कुठल्यातरी साईटवरून एपीके (ॲपची फाईल) उतरवून तर अजिबात टाकू नका, एका सिरीयलपायी बँकेची ॲप्स असलेला फोन धोक्यात घालायचं काही कारण नाही. या कंपन्यांचे यूट्यूबवर अधिकृत चॅनल आहेत, तिथे पूर्ण सिरीयल प्लेलिस्ट लावून ठेवलेल्या असतात. काहींचे शेवटचे भाग फक्त मेंबरना दिसतात, तेव्हा सुरू करण्याआधी प्लेलिस्टच्या तळाशी जाऊन शेवटचा भाग उघडतोय का ते तपासा. चाळीस भाग बघून शेवटच्या दोन भागांना कुलूप दिसलं की जो संताप होतो तो नको. नेटफ्लिक्सवरही काही असतात, पण येतात जातात, आज दिसलं ते पुढच्या महिन्यात असेलच असं नाही.

हिंदी डब हवं असेल तर ॲमेझॉन एमएक्स प्लेयरवर परदेशी सिरीयल हिंदीत मिळतात. घरात आईबाबांबरोबर बघायला ते बरं पडतं. पण एकटे बघत असाल तर मूळ आवाजातच बघा. हिंदी डबमध्ये खेड्यातला म्हातारा आणि शांघायचा मॅनेजर एकाच सुरात बोलतात आणि अर्धी गंमत तिथेच संपते.

यूट्यूबवरचे सापळे: "पूर्ण मूव्ही" लिहिलेले दोन-तीन तासांचे व्हिडिओ म्हणजे बहुतेक वेळा सिरीयल कापून चिकटवलेली असते. चित्र उलटं केलेलं किंवा कडेला फ्रेम लावलेली असेल तर ते चोरीचं अपलोड, कधीही गायब होईल. आणि एकच सिरीयल दोन-तीन इंग्रजी नावांनी फिरते. 'इटर्नल लव्ह' आणि 'टेन माइल्स ऑफ पीच ब्लॉसम्स' ही एकाच सिरीयलची नावं, २०१७ ची, ५८ भागांची, आणि त्याच कादंबरीवर त्याच वर्षी वेगळा सिनेमा पण आला, म्हणजे शोधताना भलतंच हाताला लागणार.

३. पहिली सिरीयल १२ ते १५ भागांचीच घ्या

हा नियम मोडू नका. चिनी ड्रामा म्हणजे साधारण ४५ मिनिटांचा भाग आणि असे ४० भाग अशी सवय आहे, पूर्वी तर ७०-८० भाग पण असायचे. २०२० मध्ये तिकडच्या प्रसारण खात्याने ४० च्या आत आवरा, ३० च्या आत जमलं तर उत्तम असं सांगितलं, आणि साधारण त्याच सुमारास ऑनलाईन प्लॅटफॉर्मवर १२ भागांच्या कसलेल्या सिरीयल यायला लागल्या. आपल्याकडच्या रोजच्या मालिकेसारखं टीआरपी बघून कथा ताणण्याचा प्रकार नसतो, बहुतेक सगळं शूटिंग आधीच संपलेलं असतं, त्यामुळे गोष्टीला शेवट असतो, हे मला फार आवडतं.

माझी सुरुवातीची यादी:

'रिसेट', २०२२, १५ भाग. एक बस, तिचा स्फोट होतो, आणि एक कॉलेजची मुलगी नि एक गेम बनवणारा तरुण पुन्हापुन्हा त्याच बसमध्ये जागे होतात. सुरुवात थरार म्हणून होते पण मग एकेका प्रवाशाची गोष्ट उघडायला लागते, कुणाच्या पिशवीत काय आहे, कोण कुणावर चिडून घराबाहेर पडलंय, आणि आपण स्फोट विसरून त्या माणसांची काळजी करायला लागतो. नावं कमी, जागा एकच, नवख्या माणसाला यापेक्षा सोपं काही नाही.

'द बॅड किड्स', २०२०, १२ भाग. तीन मुलं डोंगरावर खेळायला जातात आणि त्यांच्या कॅमेऱ्यात नकळत एक खून टिपला जातो. समुद्राकाठचं दमट गाव, उन्हाळा, घामेजलेले चेहरे. मुलांचा अभिनय बघाच. घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावर बघा.

'द लाँग सीझन', २०२३, १२ भाग, 'द बॅड किड्स'चाच दिग्दर्शक शिन श्वांग. ही पहिलीच घेऊ नका, दुसरी किंवा तिसरी घ्या. ईशान्य चीनमधलं पोलाद कारखान्याचं गाव, १९९० च्या दशकाचा शेवट, कामगारांना घरी बसवायला सुरुवात झालेली. रेल्वे इंजिन चालवणारा एक बाप, ज्याला कारखान्याचा प्रचंड अभिमान आहे, आणि तोच बाप जवळपास वीस वर्षांनी टॅक्सी चालवतोय, मुलगा गेलाय आणि तो का गेला हे त्याला अजून शोधायचंय. फान वेई हा मुळात विनोदी नट म्हणून तिकडे घराघरात माहीत असलेला माणूस, त्याने हा बाप असा काही केलाय की काही ठिकाणी मला व्हिडिओ थांबवून उठावं लागलं. गोष्ट तीन काळांत मागेपुढे जाते, तेव्हा पात्रांचे केस आणि कपडे बघत रहा, काळ त्यावरून कळतो. मुंबईत गिरणगाव ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना कारखान्याचा भोंगा, क्वार्टर्स, पगार थकणं, हे काही वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

४. नावांची वही करा

चिनी नावात आडनाव आधी येतं. सबटायटलवाले कधी तसंच ठेवतात कधी उलटं करतात. त्यात घरातलं लाडाचं नाव वेगळं, ऑफिसात हुद्द्याने हाक, ऐतिहासिक सिरीयलमध्ये तर एका माणसाची तीन नावं. 'निर्वाणा इन फायर'चा नायक लिन शू म्हणून जन्मतो, मेइ चांगसू म्हणून नाव कमावतो आणि राजधानीत सू झ म्हणून येतो, आणि हे तिघं एकच आहेत हे तुम्हाला कळलं नाही तर पुढचं काहीच कळणार नाही.

मी असं करते: पहिल्या तीन भागांत प्रत्येक पात्रासमोर नाव, कुणाचा कोण, आणि ओळखायची एक खूण लिहायची. "निळा झगा, खोकतो", "मोठी सून, भांडकुदळ", एवढं पुरतं. चौथ्या भागापासून वही लागत नाही.

सबटायटलबद्दल दोन गोष्टी. स्क्रीनवर खाली बहुतेक वेळा चिनी अक्षरं असतात, ती बंद होत नाहीत, चीनमध्ये बोली इतक्या वेगवेगळ्या आहेत की त्यांचे स्वतःचे प्रेक्षक पण वाचत वाचतच बघतात. आणि मशीनने केलेलं भाषांतर असेल तर "तो" आणि "ती" मध्ये गल्लत होणारच, कारण बोलताना चिनीत दोन्हीचा उच्चार एकच. नायिकेला अचानक "तो" म्हटलं तर कथेत काही रहस्य आहे असं समजू नका.

आणखी एक सवय लावून घ्या. प्रत्येक भागाच्या शेवटी पुढच्या भागाची झलक येते आणि ती फार काही उघड करून टाकते. सुरुवातीच्या गाण्यात तर कधीकधी चाळीसाव्या भागातले प्रसंग दाखवलेले असतात. दोन्ही पुढे ढकला.

५. आता घरच्या आणि गावच्या गोष्टी

मी कुणालाही चिनी ड्रामा बघ म्हणते तेव्हा माझ्या मनात या सिरीयल असतात.

'ऑल इज वेल', २०१९, ४६ भाग. सूचौ शहरातलं सू कुटुंब. आई अचानक जाते आणि म्हाताऱ्या बापाला कोण सांभाळणार यावरून तीन भावंडांत जे सुरू होतं ते. थोरला अमेरिकेत, मधला आईवडिलांच्या पैशावर जगणारा, धाकटी मुलगी जिला आईने "तू मुलगी आहेस" म्हणून प्रत्येक वेळी मागे ठेवलं आणि जी आता सगळ्यात जास्त कमावते. बाप नी दाहोंग या नटाने केलाय, आयुष्यभर बायकोच्या धाकात राहिलेला आणि ती गेल्यावर सगळ्यांना वेठीला धरणारा म्हातारा. भावकीचे, फ्लॅटचे, हॉस्पिटलच्या खर्चाचे वाद आपल्या घरात झालेत त्यांना हे बघताना हसू पण येईल आणि जुनं काही टोचेल पण. शेवटी मुलीने माफ करायला हवं होतं का यावर तिकडे भरपूर वाद झाला. मला तो शेवट पटला नाही. इतक्या वर्षांचा अन्याय इतक्या लवकर पुसला जात नाही. तरी बघा, पहिले तीस भाग फार ताकदीचे आहेत.

'मिनिंग टाऊन', २०२१, २३ भाग. ही माझी सगळ्यात आवडती, आणि नवखे लोक हिच्याकडे वळत नाहीत कारण पोस्टरवर फक्त धूळ आणि स्वेटर घातलेली माणसं. वायव्य चीनमधल्या निंगश्याच्या शीहायगू भागातली पाण्याविना उजाड डोंगरावरची गावं १९९० च्या दशकात उठवून खाली माळावर वसवली, ती खरी घडलेली गोष्ट. किनाऱ्यावरच्या फुच्यान प्रांताने मदत केली, आणि गावाचं नाव या दोन प्रांतांच्या लघुनावांवरून पडलं. सरकारी कौतुकाची सिरीयल आहे हे खरं, तरी माणसं खोटी नाहीत. पहिल्याच भागात वसाहतीत गेलेले लोक पळून परत येतात, कारण तिथे वाळूचं वादळ आणि वीज-पाणी काही नाही. एका मुलीचं लग्न बाप जनावरांच्या बदल्यात लावून देतो, आणि तीच मुलगी पुढे अपंग झालेल्या नवऱ्याला हातगाडीवर घालून पायी त्या नव्या गावात येते, आणि हसत येते, तो प्रसंग विसरता येत नाही. मग एक प्राध्यापक मशरूम लावायला शिकवायला येतात, पीक भरघोस येतं, सगळ्यांचं एकदम येतं आणि भाव कोसळतो. कांद्याच्या भावाने पोळलेल्या आपल्या नाशिककडच्या माणसांना पुढचं सांगायची गरज नाही. ते प्राध्यापक खऱ्या लिन चानशी यांच्यावरून घेतलेत, त्यांनी गवतावर मशरूम वाढवायचं तंत्र काढलं.

ही सिरीयल मूळ बोलीतल्या आवाजात शोधा, प्रमाण भाषेत डब केलेली पण फिरते. फुच्यानहून आलेल्या अधिकाऱ्याचं बोलणं गावकऱ्यांना कळत नाही आणि गावकऱ्यांचं त्याला, ही धमाल डबमध्ये निघून जाते.

शहरी हवं असेल तर 'नथिंग बट थर्टी', २०२०, शांघायमधल्या तिशीच्या तीन बायका. हलकंफुलकं हवं तर 'मीट युवरसेल्फ', २०२३, युन्नानमधलं तालीजवळचं गाव, फारसं काही घडत नाही आणि तेच छान आहे, ऑफिसातून दमून आल्यावर एक भाग लावायचा. कॉलेजची प्रेमकथा पाहिजे असेल तर 'हिडन लव्ह', २५ भाग.

६. राजवाडे आणि दरबार

दहा-बारा भागांच्या दोन-तीन सिरीयल झाल्या की इकडे या. पहिली 'निर्वाणा इन फायर', २०१५, ५४ भाग. राज्य काल्पनिक, पण ७०,००० च्या फौजेवर देशद्रोहाचा खोटा आळ घालून तिला संपवलं जातं आणि त्यातून वाचलेला एक तरुण वेगळा चेहरा, खंगलेलं शरीर घेऊन बऱ्याच वर्षांनी राजधानीत परततो, बदला घ्यायला म्हणण्यापेक्षा मेलेल्यांची नावं साफ करायला. पहिले पाच-सहा भाग जड जातात. धीर धरा, वही उघडी ठेवा, सहाव्या भागानंतर पुढचा भाग लावायचा की नाही हा प्रश्नच उरत नाही.

मग जनानखान्यातल्या. 'एम्प्रेसेस इन द पॅलेस', २०११, ७६ भाग, सम्राट योंगझेंगचा काळ. एक साधी मुलगी आत येते आणि जगण्यासाठी हळूहळू कोण होत जाते ते. प्रत्येक वाक्याच्या आत दुसरं वाक्य असतं, चहाचा कप कसा ठेवला यातही अर्थ असतो, त्यामुळे फोन हातात घेऊन बघायची ही सिरीयल नाही. 'स्टोरी ऑफ यानशी पॅलेस' आणि 'रुयीज रॉयल लव्ह इन द पॅलेस' दोन्ही २०१८ च्या, दोन्ही सम्राट चियानलोंगच्या काळातल्या, आणि एकीची नायिका ती दुसरीत खलनायिका! एकच ऐतिहासिक राणी. ओळीने दोन्ही बघितल्या तर इतिहास कोण कुणाच्या बाजूने सांगतो याचा छान अंदाज येतो, पण ७० अधिक ८७ भाग आहेत, परीक्षेच्या आधी सुरू करू नका. एकच आवार, एकच दरवाजा सगळीकडे दिसतोय असं वाटेल, ते बरोबर आहे, चच्यांग प्रांतात हंगद्यान नावाची प्रचंड मोठी चित्रनगरी आहे, तिथे राजवाडाच उभा करून ठेवलाय.

उडणारे, अमर, तीन जन्मांच्या प्रेमाचे जे ड्रामे, त्याला श्यान्श्या म्हणतात. ते मी कमी बघते. 'द अनटेम्ड' मात्र बघा, २०१९, ५० भाग. सुरुवातीचे दोन भाग काही कळणार नाही, सगळ्यांचं तसंच होतं, मग लांबच लांब फ्लॅशबॅक सुरू होतो तो पार तेहतिसाव्या भागापर्यंत. ते संपल्यावर पहिले दोन भाग पुन्हा बघा. आणि सीझनवाल्या सिरीयल जपून घ्या: 'जॉय ऑफ लाइफ'चा पहिला सीझन २०१९ मध्ये ऐन अडनिड्या जागी संपला आणि दुसरा आला २०२४ मध्ये.

७. सेन्सॉर लक्षात ठेवून बघा

तिकडे प्रत्येक सिरीयल सरकारी परवानगीतून जाते. गुन्हेगार शेवटी पकडला जायलाच हवा, पोलीस शेवटी प्रामाणिकच निघायला हवेत. 'द अनटेम्ड'च्या मूळ कादंबरीतले दोन पुरुष प्रेमी आहेत, पडद्यावर ते जिवलग मित्र आहेत, आणि नटांनी नजरेतून जे सांगायचं ते सांगितलंय. हे माहीत असलं की शेवटचा अर्धा तास घाईचा वाटला तरी आपण लेखकाला शिव्या घालत नाही, आणि मधल्या गप्प जागा जास्त नीट बघतो.

८. मोबाईलवरचे उभे मिनी ड्रामे: इथे पैसे जातात

इन्स्टावर जाहिरात दिसते, गरीब म्हणून हाकललेला जावई खरा अब्जाधीश निघतो, आणि ऐन थोबाडीत बसायच्या क्षणी व्हिडिओ थांबतो. एक-दीड मिनिटाचे ६० ते १०० भाग, उभ्या स्क्रीनसाठी बनवलेले. चीनमध्ये याचा धंदा इतका वाढला की जून २०२४ पासून त्यांनाही परवाने आणि नोंदणी सक्तीची केली गेली. ड्रामाबॉक्स, रीलशॉर्ट अशी ॲप्स जगभर हेच विकतात.

बघायचं असेल तर बघा, पण:

पहिले काही भाग फुकट, मग नाणी विकत घ्या. पूर्ण गोष्टीचा हिशेब केलात तर नेटफ्लिक्सच्या महिन्यापेक्षा जास्त जातात. "आठवड्याचा प्लॅन" असेल तर तो दर आठवड्याला कापला जातो. ॲप उडवलं म्हणून वर्गणी थांबत नाही, प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन रद्द करा आणि यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे चालू राहिलंय का तेही बघा. घरातल्या मोठ्या माणसांच्या फोनमध्ये हे विशेष तपासा, आजी-आजोबांच्या हातून "ओके" सहज दाबलं जातं.

मला यातलं फारसं आवडत नाही. प्रत्येक मिनिटाला थप्पड हवी म्हटल्यावर माणूस रंगवायला वेळच उरत नाही.

९. शॉर्ट फिल्म, सगळ्यात शेवटी पण नक्की

वेळ कमी असेल तर उलट इथूनच सुरुवात करा, कारण काहींना सबटायटलच लागत नाहीत. शांघाय ॲनिमेशन स्टुडिओची जुनी कामं शोधा. 'थ्री मंक्स', १९८०, साधारण वीस मिनिटं, एकही संवाद नाही. एक भिक्षू असतो तेव्हा स्वतः पाणी आणतो, दोघं झाल्यावर मिळून आणतात, तिघं झाल्यावर कुणीच आणत नाही. मुलांबरोबर बघा, ती पुन्हा लावायला सांगतील.

आणि 'फीलिंग फ्रॉम माउंटन अँड वॉटर', १९८८, दिग्दर्शक त वेइ. शाईच्या पातळ फटकाऱ्यांनी रंगवलेले डोंगर, नदी, धुकं, आणि ते सगळं हलतं. एक म्हातारा वादक, त्याला आसरा देणारं कोळ्याचं एक पोर, तो त्या पोराला वाद्य शिकवतो आणि एक दिवस ते त्याच पोराच्या हाती देऊन डोंगरात निघून जातो. यातही शब्द नाहीत. ज्यांनी गुरूसमोर बसून गाणं शिकलंय त्यांनी तर हे चुकवूच नये.

नवीनमध्ये 'याओ चायनीज फोकटेल्स', २०२३, आठ छोट्या फिल्म, याच स्टुडिओने बिलीबिली या चिनी व्हिडिओ साईटबरोबर केलेल्या. पहिली आधी बघा: प्रसिद्ध माकडराजाच्या यात्रेची गोष्ट, पण राक्षसांच्या टोळीतल्या सगळ्यात खालच्या डुकराच्या नजरेतून, ज्याला वरचे साहेब रोज नवं काम सांगतात आणि कौतुक कधीच करत नाहीत. तिकडच्या नोकरदारांना ती इतकी आपली वाटली की २०२५ मध्ये त्याच जगावर 'नोबडी' नावाचा पूर्ण सिनेमा आला.

खऱ्या माणसांची हवी असेल तर च्यू यांगची 'अ जेंटल नाइट'. हरवलेल्या मुलीला रात्रभर शोधणारी आई, पंधरा मिनिटं, २०१७ मध्ये कान महोत्सवात शॉर्ट फिल्मचा सर्वोच्च पुरस्कार मिळालेली. ही मात्र फुकट सहज सापडत नाही, फिल्म फेस्टिव्हलच्या कार्यक्रमांवर आणि शॉर्ट फिल्म दाखवणाऱ्या अधिकृत साईटवर लक्ष ठेवा.